अकरा टक्के

फियानारान्त्सुआच्या चढावर, विटांच्या घरात
नोरोसेहेनोचं ऑफिस
सकाळी सहाला उशीखालून निघतं.

आधी ते गजर असतं.
मग थोडा वेळ बहीण : किनाऱ्यावर व्हॅनिला
कुणी उचलत नाही म्हणते, पाऊस मात्र आहे.
मग नोरो एक वायर खोचते
आणि दिराच्या टीव्हीवर,
जिथे रविवारी फुटबॉल असतो तिथेच,
एक निळं टेबल पसरतं.
खिडक्या, फोल्डर, कोपऱ्यात घड्याळ
लियाँचं, तासभर मागे.

लॅपटॉप घ्यायचा होता.
घ्यायचा होता, त्यालाही दोन वर्षं झाली.
मधे चक्रीवादळ आलं, पत्रे उडाले,
आणि लॅपटॉपचे पैसे
छपरावर चढून बसले.
तेव्हा दीर म्हणाला, वहिनी,
हा फोन कॉम्प्युटरच आहे,
फक्त त्याला कुणी सांगितलेलं नाही.

किबोर्ड जुन्या बाजारातला.
सातचं बटण पडलेलं.
खाली उरलेला रबरी बोंडा ती करंगळीने दाबते
आणि सात येतो.
बहुतेक वेळा.
एकदा सत्तर युरोची पावती शून्य युरोची झाली.
देल्फिन बाईंचा मेल आला. सौम्यच होता.
नोरो दोन रात्री झोपली नाही.

दुपारपर्यंत फोन तापतो.
ती पुठ्ठ्याने वारा घालते,
चुलीला घालतात तसाच,
हेतू तेवढा उलटा.

दिवसभर पावत्या.
कुणी नळ बदलला.
कुणी मंगळवारी दोघांचं जेवण जेवलं,
चीज तीन प्रकारचं,
आणि कंपनीच्या नावावर टाकलं.
आकडे टाकताना मी वाचत नाही,
असं ती म्हणते.

मीटिंगमध्ये कॅमेरा लावा म्हणतात.
फोन टेबलावर उताणा;
कॅमेऱ्याला दिसतं फक्त छत.
अरे वा, पत्रे नवीन वाटतं, देल्फिन बाई म्हणतात.
हो, नोरो म्हणते.
लॅपटॉप आहे तो, असं म्हणत नाही.

पाचला अंधार पडू लागतो, जुलै आहे.
सहाला वीज जाते.

पूर्वी, बाजाराजवळच्या त्या कॉल सेंटरात,
वीज गेली की काम जायचं.
चौदाजणी पायऱ्यांवर यायच्या,
कुणाच्या तरी पिशवीत शेंगदाणे निघायचे,
कुणाच्या तरी नवऱ्याची गोष्ट.
जनरेटर यायला वेळ लागो, असं
कुणी बोलत नसे, सगळ्या मागत.

आता टीव्ही विझतो.
काम विझत नाही.
निळं टेबल आक्रसून तळहाताएवढं होतं
आणि तिथे जळत राहतं,
त्याच पावत्या, मुंगीएवढ्या.
हातावर पोट होतंच.
आता ऑफिसही हातावर.

आई, दिसत नाही, ताहिना म्हणतो.
घरात मेणबत्ती नाही. काल संपली.
घरात उजेड आहे तो एवढाच,
आणि तो लियाँला लागतो.

ती जरा थांबते.
मग दुधाच्या डब्याला पाडलेल्या चिरेत
फोन उभा करते, टॉर्च लावते,
आणि मुलाला पलीकडे बसवते.
मधोमध फोन, भिंतीसारखा.
अलीकडे तिचं तोंड, निळसर, पावत्यांच्या उजेडात.
पलीकडे वही, पांढरी लख्ख,
वहीवर त्याची बोटं,
बोटांच्या सावल्या भिंतीवर पाच झाडांएवढ्या.

अकरा टक्के.
बारा पावत्या.
कॉल आला नाही म्हणजे बरं.
बहिणीचा आला तरी आत्ता नको, असं मनात येतं
आणि आलं याचं वाईटही वाटतं.

सात सक बेचाळीस, पलीकडून आवाज.
सात साती...
सात साती...

एकोणपन्नास, ती मान वर न करता सांगते,
आणि करंगळीआधी तोंड चालल्यामुळे
तेच बोटांतून उतरतं
लियाँच्या कुठल्याशा नळाच्या रकान्यात.

खोडते.
दहा टक्के.